सीएसए जाळ्याची स्वतःची तपासणी: काय मोजायचं, कसं मोजायचं आणि पुढे काय?

बांधावरून

नमस्कार मंडळी,

समुदाय-समर्थित शेती (सीएसए), म्हणजे खाणाऱ्या घरांनी शेतकऱ्याशी थेट करार करून त्याच्या पिकाचा वाटा घेणं, हा विषय इथे बऱ्याचदा निघतो, पण एकेका गटापुरता. मला गटांच्या जाळ्याबद्दल विचारायचं आहे. गट एकत्र येतात, जाळं उभं राहतं, वर्षाला एक मेळावा होतो आणि 'एवढे गट, एवढे सदस्य' असा आकडा जाहीर होतो. जाळ्यामुळे शेतकऱ्याची मिळकत सावरली का, सोडून जाणारे सदस्य कमी झाले का, समन्वयक उद्या थांबला तर काम चालेल का, हे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

चर्चेपुरतं एक जाळं धरू: १८ गट, प्रत्येकात एक-दोन शेतकरी कुटुंबं, २५ ते १५० वाटेकरी घरं (पिकाचा वाटा घेणारे सदस्य), आणि जाळ्याचा एक अर्धवेळ समन्वयक.

२०१६ मध्ये चेकियातल्या ऑस्ट्रावा इथे युरोपातल्या सीएसए गटांनी एक जाहीरनामा मंजूर केला. त्यातल्या व्याख्येचा गाभा असा: उत्पादक आणि खाणारे यांची थेट भागीदारी, शेतीतली जोखीम, जबाबदारी आणि फळ दोघांनी वाटून घेणं, आणि त्यासाठी दीर्घ मुदतीचा, बांधून घेणारा करार. ही व्याख्या मान्य असेल तर तपासणीचे प्रश्नही तिच्यातूनच निघायला हवेत, असं माझं मत.

प्रश्न तीन:
१. सुरुवात गटांपासून करावी की जाळ्यापासून?
२. गुण द्यावेत की नुसती चर्चा करावी?
३. जे निघेल त्याचं पुढे काय करायचं?

हिशेबवही

गटांपासून. गटांचे आकडे कच्चे असतील तर जाळ्याची तपासणी हवेतच राहते. पण आकडे मोजके मागवा. पन्नास रकान्यांचा तक्ता पाठवला की अर्धे गट तो भरत नाहीत आणि उरलेले अंदाजपंचे भरतात. माझ्या मते पाच पुरेत: वाटेकऱ्यांचा टिकाव, शेतकऱ्याची तासाची मिळकत, ठरलेल्यापैकी किती आठवडे माल पोचला, हंगामाआधी जमा झालेल्या रकमेचं प्रमाण, आणि बिनपगारी कामाचे तास.

पहिल्या दोहोंबद्दल जरा सविस्तर, कारण चुका तिथेच होतात.

टिकाव: मागच्या हंगामाच्या शेवटी जे वाटेकरी होते त्यांपैकी किती जणांनी पुढचा करार केला. १२० पैकी ८४, म्हणजे ७०%. इथे थांबू नका. त्या १२० मध्ये पहिल्याच वर्षाचे ५० आणि जुने ७० असतील, आणि त्यांतले अनुक्रमे २५ आणि ५९ टिकले असतील, तर नव्यांचा टिकाव ५०% आणि जुन्यांचा ८४% होतो. मग शेतात दोष शोधण्याआधी नव्या सदस्याला पहिल्या दोन महिन्यांत काय सांगितलं जातं ते बघावं लागतं. ७०% या एका आकड्यात ही गोष्ट दडून जाते. अर्धा वाटा घेणारं घरही एक घरच मोजा. वाट्यांची बेरीज वेगळी, घरांची वेगळी. ही सरमिसळ झाली की दोन गटांची तुलना करता येत नाही.

तासाची मिळकत: सीएसएची वर्षाची जमा, वजा रोख खर्च, वजा अवजारांचा घसारा, भागिले कुटुंबाने घातलेले तास. तासांत कापणी, निवड, भरणी, वाटप, फोन, बैठका सगळं आलं. घरातल्या बायकांचे तास इथे हटकून सुटतात, ते मुद्दाम विचारा. आलेल्या आकड्याला त्या परिसरातल्या शेतमजुरीच्या ताशी दराने भागा. उत्तर १ पेक्षा कमी आलं तर सदस्यांना मिळणारी सवलत शेतकऱ्याच्या अंगमेहनतीतून जातेय असं समजायचं.

वाफसा

हिशेबवही, मिळकतीचं सूत्र बरोबर आहे, पण वर्षभर रोजचे तास कुणी लिहीत नाही. पेरणीच्या धांदलीत वही बंद होते आणि नेमके जास्त कामाचे दिवस कोरे राहतात. त्यापेक्षा दर महिन्यातला एकच आठवडा लिहायचा, तोही आलटून पालटून: एका महिन्यात पहिला, पुढच्यात दुसरा. १२ आठवड्यांची बेरीज गुणिले ५२, भागिले १२. आकडा अगदी काटेकोर नसेल, पण कोऱ्या वहीपेक्षा खूप खरा असेल.

गटांपासून सुरुवात करणं मात्र मला पटत नाही. गट स्वतःचं काम बघतोच आहे. जाळ्याने काय करायचं? तर एकट्या गटाला जे जमत नाही ते. कराराचा नमुना, नव्या शेतकऱ्यांचं प्रशिक्षण, विम्याची किंवा कायद्याची माहिती, संकटनिधी, धोरणाच्या पातळीवर बोलणं, एकमेकांच्या शेताला भेटी. तेव्हा आधी जाळ्याची ही कामं तपासा.

पद्धत सोपी आहे. मोठ्या कागदावर १८ ओळी गटांच्या आणि ६ रकाने कामांचे. प्रत्येक गटाने गेल्या १२ महिन्यांत जाळ्याकडून काही घेतलं असेल त्या चौकोनात 'घे' लिहायचं, जाळ्याला काही दिलं असेल तिथे 'दे'. अर्ध्या तासात चित्र उभं राहतं. कोरा रकाना म्हणजे कुणाला नको असलेलं काम. कोरी ओळ म्हणजे जाळ्यापासून तुटलेला गट, त्याला आठवड्याभरात फोन गेला पाहिजे. आणि सगळे 'दे' दोनच ओळींत असतील तर ते जाळं दोन गट ओढताहेत.

मृद्गंधा

वाफसा यांचा तक्ता फार आवडला. एक भर: 'घे' लिहिताना काय घेतलं ते दोन शब्दांत लिहायला सांगा. नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेला निरोपही 'घे'मध्ये जातो.

पाणंद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गुण द्यावेत, पण सरासरी काढण्यासाठी नाही. मतभेद कुठे आहे ते दिसावं म्हणून.

पद्धत सांगतो. १५ ते २० विधानं करा. उदाहरणार्थ, 'पीक बुडालं तर कुणी काय सोसायचं हे करारात स्पष्ट लिहिलेलं आहे.' प्रत्येक विधानाला १ ते ४ अशा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीचं शब्दांत वर्णन. वरच्या विधानासाठी:
१ – कुठेच लिहिलेलं नाही.
२ – लिहिलं आहे, पण बहुतेक सदस्यांनी वाचलेलं नाही.
३ – करार करताना समजावून सांगितलं जातं.
४ – समजावलं जातं आणि प्रत्यक्ष नुकसान झालं तेव्हा तसंच पाळलं गेलं.

पायऱ्या चारच ठेवा. पाच ठेवल्या की सगळे मधल्या तीनवर जाऊन बसतात. वर्णन नसेल तर एकाचा ३ आणि दुसऱ्याचा ३ यांचा अर्थ वेगळा होतो.

आधी प्रत्येकाने एकट्याने, न बोलता गुण लिहायचे. शेतकऱ्यांचा कागद एका रंगाचा, वाटेकऱ्यांचा दुसऱ्या, समन्वयकाचा तिसऱ्या. मग भिंतीवर लावायचे. एखाद्या विधानाला निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ४ दिले तर सरासरी २.५ येते आणि सारं ठीक दिसतं. रंग मात्र सांगतात की शेतकरी सगळे १ वर आहेत आणि वाटेकरी ४ वर. चर्चेचा वेळ तिथे द्या. सगळ्यांचं एकमत असलेल्या विधानावर पाच मिनिटंही घालवू नका.

तीन-तीन तासांच्या दोन बैठका लागतात. एकाच दिवशी उरकायला गेलात तर दुपारनंतर सगळे 'हो हो' म्हणू लागतात.

नांगरट

गुणांना माझा विरोध आहे, आणि कारण अनुभवी लोकांना ठाऊक असेल. गुण दिले की क्रमवारी लागते. मग अनुदान देणारी संस्था तोच तक्ता मागते. एकदा हे कळलं की पुढच्या वर्षी प्रत्येक गट हातचं राखून उत्तर देतो, आणि ज्या गटाला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्याचाच तक्ता सर्वांत सुंदर येतो. तपासणी स्वतःसाठी असेल तर ती कुणाला दाखवायची नाही. दाखवायची असेल तर ती जाहिरात झाली.

पाणंद

नांगरट, धोका खरा आहे, पण तो गुणांमुळे येत नाही. कागद कुणाच्या हाती जातो यावर सगळं ठरतं. म्हणून पहिल्या बैठकीच्या आधीच लेखी ठरवा: गटाचे गुण गटाकडेच राहतील. जाळ्याकडे फक्त 'कुठल्या विधानांवर किती गटांत मतभेद' एवढी बेरीज जाईल. बाहेर काही द्यायचं असेल तर त्यासाठी वेगळा अहवाल करायचा. 'सध्या भरू, नंतर बघू' असं म्हणणाऱ्या जाळ्यात तुम्ही म्हणता तसंच होतं.

वाटसरू_२

वाचतोय. चार पायऱ्यांची युक्ती इतर संस्थांनाही लागू पडेल.

टोपलीवाली

हिशेबवहींच्या यादीतला पाचवा आकडा, बिनपगारी कामाचे तास, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

जपानमधली तेइकेई, म्हणजे शेतकरी आणि ग्राहक यांच्या थेट भागीदारीची चळवळ बघा. १९७१ मध्ये तिथे सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली, १९७८ मध्ये तेइकेईची दहा तत्त्वं मांडली गेली. एकमेकांना मदत, ठरवून केलेलं उत्पादन, पिकलेलं सगळं स्वीकारणं, दोन्ही बाजूंना परवडणारी किंमत, वाटप स्वतः करणं, लोकशाही कारभार, गटाचा आकार आटोक्यात ठेवणं. फार सुंदर रचना. पण माल उतरवणं, वाटणं, हिशेब ठेवणं ही कामं मुख्यतः घरी असणाऱ्या स्त्रियांच्या बिनपगारी श्रमांवर चालत होती. त्या नोकरीसाठी बाहेर पडू लागल्या तेव्हा ती कामं करायला माणसं कमी पडली. घरपोच सेंद्रिय माल देणाऱ्या कंपन्याही तोवर आल्या होत्या, आणि चळवळ आटत गेली. तत्त्वांत खोट नव्हती. ज्या तासांवर सगळं उभं होतं ते मोजलेच गेले नव्हते.

म्हणून प्रत्येक गटात एक महिना एक साधा कागद वाटपाच्या जागी लावा: नाव, काम, तास. महिनाअखेर एकूण तास काढा आणि त्यांतले किती तास सर्वांत जास्त काम करणाऱ्या तीन माणसांकडे आहेत ते बघा. निम्म्यापेक्षा जास्त असतील तर तो गट तीन माणसांच्या तब्येतीवर उभा आहे.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. 'समन्वयक चार आठवडे नाही' असं धरा आणि विचारा: सदस्यांची यादी कुठे आहे, पासवर्ड कुणाकडे, बँकेत सही कोण करतं, वाटपाच्या जागेची किल्ली कुणाकडे, शेतकऱ्याला कुणी फोन करायचा? पाचपैकी प्रत्येक उत्तरात दोन नावं यायला हवीत.

मृद्गंधा

+१ टोपलीवाली. आणि पद बदलतंय का तेही बघा. निवडणुकीला दरवर्षी एकच उमेदवार असेल आणि 'मागील पानावरून पुढे' चालू असेल, तर लोकशाही कारभार फक्त कागदावर आहे.

चौथा_वाफा

थोडं विषयांतर, पण किमतीचा मुद्दा निघाला म्हणून. वाट्याची किंमत बाजारभाव बघून ठरवली जात असेल तर मिळकतीचा तो आकडा १ च्या खालीच राहणार. जर्मनीतल्या बऱ्याच गटांत बोलीफेरी घेतात. शेतकरी पूर्ण वर्षाचा खर्च मांडतो, स्वतःच्या मेहनतान्यासकट. समजा महिन्याला १,००,००० लागतात आणि १०० वाटे आहेत, म्हणजे सरासरी १,०००. प्रत्येकजण आपल्याला झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहितो, नाव उघड होत नाही. बेरीज ९३,००० आली तर ७,००० कमी पडल्याचं सांगून दुसरी फेरी होते. तरीही तूट राहिली तर तिसरी फेरी, नाहीतर खर्चाला कात्री, आणि कुठे कात्री ते सगळ्यांसमोर ठरतं. कमावणारे थोडं जास्त देतात, अडचणीतलं घर ८०० वर राहू शकतं.

हे फसतं कुठे? खर्चाचा तक्ता नीट समजावला नाही तर सगळे डोळे झाकून सरासरी लिहितात. मग कमी देऊ शकणारे बाहेर पडतात आणि तूट वाढते. तक्ता समजावायला किमान पाऊण तास ठेवा. आणि चिठ्ठ्या मोजणारी दोन माणसं आधीच ठरवा, त्यांत शेतकरी नको.

हिशेबवही

छान लिहिलंत. जाळ्याच्या पैशाबद्दलही बोलायला हवं. दोन आकडे पुरतात: एकूण खर्चातला किती भाग सदस्यगटांच्या वर्गणीतून येतो, आणि शिल्लक किती महिने पुरेल. अनुदान बंद पडलं तर कमीत कमी कुठली कामं चालतील ती यादी आज करा, आणि वर्गणी निदान तेवढ्याला पुरते का बघा.

वर्गणी वाट्यामागे घेतली की एक हमखास घोळ होतो. गट वाटे कमी दाखवतात. पैसे तर बुडतातच, पण त्याच आकड्यांवर टिकावाची टक्केवारी बेतलेली असते, त्यामुळे तपासणीही खोटी ठरते. उपाय म्हणजे टप्पे करा: ३० वाट्यांपर्यंत एक दर, ३१ ते ८० दुसरा, ८१ च्या वर तिसरा. पाच-सात वाटे लपवून मग फारसा फायदा होत नाही. पण ३० आणि ८० च्या काठावरच्या गटांकडे लक्ष ठेवावं लागतंच.

वाफसा

संकटनिधीचंही तसंच. प्रत्येक वाट्याच्या १% रक्कम निधीत टाकायची, कल्पना चांगली. पण १८ पैकी १० गट एकाच खोऱ्यात असतील तर एकच गारपीट सगळ्यांना झोडपते, आणि पहिले दोन अर्ज करणारे निधी रिकामा करतात. म्हणून एका घटनेसाठी जास्तीत जास्त ४०% अशी मर्यादा, अर्ज घ्यायला १० दिवस, आणि मग नुकसानीच्या प्रमाणात वाटप. हे नियम लिहिलेले आहेत का, हा तपासणीचा प्रश्न. आणि आधीचा प्रश्न विसरू नका: गटातल्या सदस्यांनी स्वतः किती सोसलं? पीक गेल्यावर सदस्यांना पैसे परत दिले असतील तर तिथे जोखीम वाटली गेलेलीच नाही, आणि निधीतून ती भोकं बुजवू नयेत.

नांगरट

गुणांबद्दलची माझी तक्रार पाणंद यांच्या उत्तराने बरीचशी मिटली. तरी एक म्हणणं आहेच: कागदावर जे दिसत नाही ते शेतावर दिसतं. परस्परभेटी नसतील तर ही सगळी कसरत अपुरी.

मृद्गंधा

परस्परभेटींची चौकट देते. जोडी नको, त्रिकोण करा: 'क' गट 'ख'कडे जाईल, 'ख' 'ग'कडे, 'ग' 'क'कडे. जोडीत 'तू माझं चांगलं लिही, मी तुझं' असं होतं, कुणी तसं ठरवलं नसलं तरी.

भेटीला तिघं: एक शेतकरी, एक वाटेकरी, एक टिपणं घेणारं. आठवडाभर आधी तीन कागद मागवा: करार, वर्षाचा खर्चाचा तक्ता, मालाची आठवडानिहाय नोंद. आधी दीड तास शेतावर फेरी, बोलणं शेतकऱ्यानेच करायचं. मग वाटपाच्या जागी जाऊन माल न्यायला आलेल्या पाच-सहा घरांशी प्रत्येकी दहा मिनिटं. यजमान शेतकरी तेव्हा शेजारी नको. शेवटी एकत्र बसून दोन बलस्थानं आणि एकच प्रश्न. चार प्रश्न विचारलेत तर एकाचंही उत्तर नीट मिळत नाही. दोन पानी टिपण १५ दिवसांत, आधी यजमानांकडे, त्यांनी दुरुस्त्या केल्यावरच पुढे.

नोंदीत काय बघायचं? फक्त एकूण वजन नाही. दर आठवड्याला किती प्रकारचा माल गेला ते. एकच भाजी सलग सहा आठवडे आली की सदस्यांचं प्रेम जरा ताणलं जातं! सोडून गेलेल्यांना विचारलं तर 'निवड नाही', 'फार येतं, वाया जातं' आणि 'आणायला जायची वेळ जमत नाही' ही कारणं पुन्हा पुन्हा येतात. वाटपाच्या जागी अदलाबदलीची एक पेटी ठेवली की पहिली दोन बरीच कमी होतात. सोडून गेलेल्यांशी दोन आठवड्यांच्या आत फोनवर बोला, आणि शेतकऱ्याने बोलू नका. त्याच्या तोंडावर लोक खरं सांगत नाहीत.

रानवाट

या भेटींना सहभागी हमी पद्धतीच्या (शेतकरी-ग्राहकांनीच शेत पाहून सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र देण्याच्या) भेटी समजावं का? मग प्रमाणपत्रही त्यातूनच देता येईल.

पाणंद

नको, रानवाट. सहभागी हमीतही शेजारी शेतकरी आणि ग्राहक भेट देतात, पण तिथे शेवटी 'पात्र' किंवा 'अपात्र' असा निर्णय असतो. इथे तसा निर्णय नसतो म्हणूनच शेतकरी अडचण उघड बोलतो. दोन्ही एकाच दिवशी केलंत तर तो प्रमाणपत्रासाठी तोलून मापून बोलेल आणि अडचण पोटातच ठेवेल. माणसं तीच चालतील, पण दिवस आणि कागद वेगळे ठेवा.

बांधावरून

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नावर हिशेबवही आणि वाफसा दोघांचं घेऊन असा क्रम धरतो: पहिल्या महिन्यात जाळ्याचा 'घे-दे' तक्ता, त्याच बैठकीत कागदांच्या गोपनीयतेचा लेखी ठराव. दुसऱ्या महिन्यात पाच आकडे आणि रंगीत कागदांच्या दोन बैठका. तिसऱ्या महिन्यात सहा त्रिकोणांत १८ भेटी.

तिसरा प्रश्न उरला. बैठकांतून तीसेक सूचना निघतील. सहा महिन्यांनी पाहावं तर पहिले पाढे पंचावन्न. हे कसं टाळायचं?

टोपलीवाली

तीसमधून तीनच घ्या. प्रत्येकाला पाच मतं द्या, लोक ती आपल्याला हव्या त्या सूचनांवर लावतील. शेतकऱ्यांची आणि वाटेकऱ्यांची मतं वेगळी मोजा आणि दोन्हींकडून वरच्या पाचांत आलेल्या सूचनाच निवडा. प्रत्येक कामासमोर एका माणसाचं नाव (समितीचं नको), पुढच्या १४ दिवसांत करायचं पहिलं पाऊल, लागणारे तास, आणि ते तास कुठून येणार. शेवटचा रकाना बहुतेकदा कोरा राहतो. तो भरण्यासाठी वाफसांच्या तक्त्यातलं कोऱ्या रकान्याचं काम बंद करा आणि त्याचे तास इकडे वळवा.

वाफसा

आणि वेळ. हे तीन महिने मुख्य कापणी संपल्यानंतर आणि नव्या हंगामाचे करार सुरू होण्याआधी बसवा. करार आधीच झाले असतील तर किंमत, जोखमीचं कलम, वाटपाची वेळ यातलं काहीच वर्षभर बदलता येत नाही. कराराचा नवा मसुदा सदस्यांना देताना त्यातले बदललेले शब्द अधोरेखित करून द्या, आणि प्रत्येक बदल कुठल्या गटातल्या कुठल्या चर्चेतून आला हे समासात एका ओळीत लिहा.

बांधावरून

समासातली ओळ घेतली. पण गोपनीयतेच्या ठरावामुळे गटाचं नाव न लिहिता 'तीन गटांतल्या चर्चेतून' असं लिहीन. 'घे-दे' तक्त्याचा कोरा नमुना उद्या इथेच टाकतो, रकान्यांची नावं तेवढी तपासून द्या.